काउंटरच्या दोन्ही बाजू

ल्युकस पोप या अमेरिकी माणसाने जपानमध्ये राहून, जवळजवळ एकट्याने, 'पेपर्स, प्लीज' नावाचा खेळ तयार केला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो लोकांपुढे आणला. या खेळात तुम्ही आर्स्टोत्स्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर बसलेले तपासनीस असता. समोर माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो. फोटो, जन्मतारीख, गाव, मुदत, परवान्यावरचं नाव हे सगळं ताडून पाहायचं आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. एवढंच काम. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनमध्ये ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्सचं दुकान चालवणारा एक तरुण या खेळाला आजवर खेळलेल्या सगळ्या खेळांच्या वर ठेवतो. रात्री शटर खाली ओढल्यावर, दिवसभर ज्या जुन्या लॅपटॉपवर सातबारा उतरवले त्याच लॅपटॉपवर तो खेळतो. कागद तपासून थकलेला माणूस पुन्हा कागद तपासायलाच का बसतो, असं घरचे विचारतात. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: दिवसभर जे नीट दिसत नाही, ते इथे दिसतं.

मुकुटबन झरी जामणी तालुक्यात आहे. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे स्टेशन. आजूबाजूला काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, जमिनीखाली चुनखडी. त्या चुनखडीवर वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. पलीकडे तेलंगणा. त्यामुळे दुकानात वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी, कोलामी सगळं कानावर पडतं आणि कागदांवर एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरंच. समोरचा म्हातारा म्हणतो, "भाऊ, नाव तं माह्यंच हाय, मंग काहून नाही घेत जी?" पोर्टल मात्र अक्षर न् अक्षर जुळवतं. आडनावातला एक काना इकडचा तिकडे झाला, तरी पीएम किसानचा हप्ता अडतो.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा अशा दुकानांसमोर सकाळपासून बाया उभ्या असत. पुढच्या वर्षी फार्मर आयडी आला, मग कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी आली. नियम बदलतात, नवा कागद जोडावा लागतो, कालपर्यंत चाललेला दाखला आज चालत नाही. पोपच्या खेळातही अगदी हेच आहे. रोज सकाळी तपासनिसाच्या हाती नवं परिपत्रक येतं. पहिल्या दिवशी फक्त पासपोर्ट पाहायचा, पुढे ओळखपत्र, मग प्रवेश परवाना, मग कामाचा परवाना. टेबल तेवढंच राहतं आणि कागद वाढत जातात. कागद ठेवायला जागा उरत नाही, ही त्या खेळाची सगळ्यात बारीक आणि सगळ्यात खरी गोष्ट आहे, असं त्याचं मत आहे. त्याच्या काउंटरची रुंदीही तेवढीच आहे.

त्या खेळातला एक प्रसंग तो नेहमी सांगतो. एक माणूस येतो, त्याचे कागद पूर्ण असतात. जाताना तो सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते, तर तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. आत सोडलं तर चुकीची नोंद होते. दिवसात दोन चुका माफ, तिसऱ्या चुकीपासून पगार कापला जातो. पगार म्हणजे बरोबर तपासलेल्या माणसामागे पाच नाणी. त्यातून घरभाडं, जेवण, घर उबदार ठेवायचा खर्च भागवायचा; पैसे कमी पडले की घरातलं कोणीतरी आजारी पडतं. खेळ कुठेही उपदेश करत नाही. तो फक्त तुमच्या हातात शिक्का देतो आणि चुकीची किंमत ठरवून ठेवतो.

इथे मुकुटबनच्या या खेळाडूचं एक निरीक्षण फार मोलाचं वाटतं. तो म्हणतो, पोपने चुकीचा दंड तपासनिसाच्या पगारावर टाकला म्हणून खेळणारा जागा राहतो. आमच्याकडे कागदात चूक माझी झाली तरी मला दंड होत नाही. मी टाइप करताना एक अक्षर चुकवलं, तर हप्ता काकांचा अडतो. खेळ खेळल्यापासून तो अर्ज भरून झाला की स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवतो आणि नाव, खाते क्रमांक, गट क्रमांक मोठ्याने वाचून दाखवतो. रांग थांबते, मागचे लोक कुरकुर करतात, तरी वाचतो. एखाद्या खेळाने माणसाच्या धंद्याची सवय बदलावी, यापेक्षा त्या खेळाला मोठी पावती काय मिळणार?

यातूनच त्याचा मोजायचा गज तयार झाला आहे. खेळ काय दाखवतो याला तो कमी महत्त्व देतो. खेळ आपल्या हातांना काय करायला लावतो, हे तो आधी बघतो. एका किंवा दोनचार माणसांनी केलेल्या छोट्या खेळांकडे तो वळला ते या कारणाने. मोठ्या कंपन्यांचे खेळ त्याच्या लॅपटॉपवर चालतही नाहीत, हे खरं आहे. चार जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, उन्हाळ्यात मशीन तापतं. पण नाइलाजाने सुरू झालेली ही वाट त्याने पुढे आवडीने धरली. छोट्या खेळात करणाऱ्याचा हात ओळखू येतो. पोपचा 'पेपर्स, प्लीज' खेळल्यावर त्याचाच 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' घेतला, तेव्हा कोणी न सांगताही त्याला कळलं की हा तोच माणूस आहे: तीच कागदांची शिस्त, तोच हिशेबी डोळा.

'स्टारड्यू व्हॅली'वर मात्र तो तासभर बोलू शकतो, आणि ते बोलणं कौतुकाचं आणि भांडणाचं, दोन्ही असतं. एरिक बॅरोन या तरुणाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने खपून हा खेळ केला. चित्रं, संगीत, गोष्ट, प्रोग्रॅमिंग सगळं त्याचं. त्या काळात तो सिअ‍ॅटलच्या एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये खेळ आला आणि २०२४ संपेपर्यंत त्याच्या चार कोटींवर प्रती खपल्या. आजोबांनी ठेवलेल्या पडीक शेतावर नातू येतो, दगड-झुडपं काढतो, पेरतो, पाणी घालतो. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. पहिल्याच दिवशी पार्सनिपच्या बियांची पुडी मिळते. वीस नाण्यांचं बी, चार दिवसांत पीक, पस्तीस नाण्यांना विक्री.

कापसाच्या घरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब फार गोड लागतो, आणि तिथेच तो अडखळतो. या खेळात भाव पडत नाही. गावभरच्या सगळ्यांनी एकच पीक घेतलं तरी पडत नाही. एका दिवसात शंभर भोपळे विकले तरी शंभराव्या भोपळ्याचा भाव पहिल्यासारखाच. पेरलेलं बी बोगस निघत नाही. कावळे येतात, पण बुजगावणं लावलं की भागतं. वीज कधीतरी पडते. पीक मरतं ते मुख्यतः ऋतू बदलला म्हणून, आणि ऋतू कधी बदलणार हे कॅलेंडरवर छापलेलं असतं. मृगाचा पाऊस आला म्हणून पेरलं, मग तीन आठवडे उघाड पडली आणि दुबार पेरणी करावी लागली, असं इथे कधी घडत नाही.

२०१७ सालचं यवतमाळ त्याने पाहिलेलं आहे. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडं आतून पोखरली. त्याच वर्षी फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन कापसाच्या उंच वाढलेल्या पराटीत शिरणारी माणसं त्याच्या ओळखीची होती. त्यामुळे 'स्टारड्यू'तल्या शेतीला तो शेती म्हणत नाही. तो तिला विसावा म्हणतो, आणि विसावा म्हणून ती त्याला मनापासून आवडते. बॅरोनने शेतीतली काळजी काढून घेतली आणि फक्त माया ठेवली, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वडिलांना त्याने एकदा लॅपटॉपसमोर बसवलं. त्यांनी थोडा वेळ पाणी घातलं, एक पीक काढलं, विकलं आणि विचारलं, "आन् चुकारा लगेच देते का हा?" लगेच देतो म्हटल्यावर ते मनमोकळं हसले आणि आणखी खेळले.

हे खेळ फुकट नसतात, हेही सांगायला हवं. पण बहुतेक छोटे खेळ पाचशे रुपयांच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात, सवलतीच्या दिवसांत निम्म्याने. स्टीम या विक्रीच्या ठिकाणी एक सोय आहे: विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत. मोठ्या खेळांसाठी ही सोय रास्त आहे. पण काही छोटे खेळ दोन तासांच्या आतच संपतात. पूर्ण खेळून पैसे परत मागता येतात आणि मागणारे मागतातही. तो मागत नाही. अर्ज भरून घेऊन, पावती खिशात घालून, नंतर पैसे देतो म्हणणारं गिऱ्हाईक त्याला माहीत आहे.

अशा दीड तासात संपणाऱ्या खेळांपैकी 'वेंबा' त्याला सगळ्यात जवळचा. टोरंटोच्या विसाई गेम्सने तो २०२३ मध्ये आणला आणि पुढच्या वर्षी त्याला पदार्पणाच्या खेळासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. १९८०च्या दशकात तमिळनाडूतून कॅनडात गेलेलं एक जोडपं, तिथे जन्मलेला त्यांचा मुलगा आणि आईने सोबत नेलेली पाककृतींची जुनी वही. वहीची पानं फाटलेली, ओळी पुसलेल्या. खेळणाऱ्याने अंदाज बांधत इडली करायची, बिर्याणी करायची. पातेल्यात काय आधी पडतं आणि काय नंतर, हे उरलेल्या शब्दांवरून ओळखायचं. मुलगा हळूहळू आईच्या भाषेपासून दूर जातो आणि मोठेपणी तीच वही हातात घेतो. मुकुटबनच्या या खेळाडूच्या घरात आजी तेलुगू बोलायची, वडील दोन्ही बोलतात, त्याला स्वतःला ती समजते पण बोलता येत नाही. 'वेंबा' खेळून झाल्यावर त्याने वडिलांना आजीच्या अंबाडीच्या भाजीबद्दल विचारायला सुरुवात केली, एवढं तो सांगतो आणि पुढचं सांगत नाही.

याच गजाने तो पुण्याच्या 'राजी'ला मोजतो आणि इथे त्याच्याशी थोडं भांडावंसं वाटतं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये पूर्ण केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी खेळ सोडला नाही. २०२०च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. राक्षसांनी पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी. दुर्गेने दिलेला त्रिशूळ. राजस्थानी महालांचे सज्जे. मधल्या कथा सांगणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या. तो म्हणतो, डोळ्यांना हे सगळं आपलं वाटतं, पण हात तेच करतात जे कुठल्याही तलवारीच्या खेळात करतात. त्रिशूळ फेकणं आणि भाला फेकणं यात हाताला फरक कळत नाही.

मत खरं आहे, पण अपुरं आहे. ज्या देशात अशा खेळासाठी पैसा उभा करणं अवघड होतं, तिथे त्या चमूने आपल्या देवळांचा प्रकाश, आपल्या चित्रांचे रंग आणि सर्कशीतली कसरत करणारी एक गरीब मुलगी जगभरच्या पडद्यांवर नेऊन उभी केली. राजी भिंतीवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करते, त्यात तिच्या कसरतीचं अंग आहेच. हे त्याला ऐकवलं तेव्हा त्याने थोडा विचार केला आणि मान्य केलं, की खांबाभोवती फिरताना आपणही हसलो होतो.

'ओब्रा डिन'चं वेगळं. २०१८चा हा खेळ फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी रंगवलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं बेपत्ता झालेलं जहाज रिकामं परत येतं आणि विमा तपासायला तुम्हाला त्यावर पाठवलं जातं. जहाजावर ६० माणसं होती, त्यांत हिंदी खलाशीही होते. प्रत्येकाचं नाव काय, त्याचं पुढे काय झालं, मेला असेल तर कसा, कोणी मारला, हे वहीत भरायचं. हाती एक घड्याळ आहे, ते प्रेताजवळ नेलं की त्याचा शेवटचा क्षण गोठलेल्या चित्रासारखा उभा राहतो. तीन माणसांची नोंद अचूक झाल्याशिवाय खेळ एकही उत्तर बरोबर म्हणून सांगत नाही, म्हणून अंदाजपंचे काम चालत नाही.

तो म्हणतो, पंचनामा असा असावा. महाराष्ट्रात २०२३च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हा दुकानात झुंबड उडाली होती. नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवायचं असा नियम होता. रात्री पाऊस झोडपून गेला की सकाळी लोक चिखलाच्या पायांनी दुकानात येत, मोबाइलवर काढलेले शेताचे फोटो दाखवत. गट क्रमांक, पिकाची अवस्था, नुकसानीचं कारण त्याने भरून द्यायचं. शेताकडे कोणी कधी येईल, येईल का, आणि आलं तर काय लिहून नेईल, हे कोणालाच सांगता येत नसे. ओब्रा डिनवरचा तपासनीस मात्र मेलेल्या प्रत्येक खलाशापाशी जाऊन उभा राहतो. जहाजावरचा सगळ्यात हलक्या हुद्द्याचा पोरगाही वहीत नावानिशी येतो. त्या खेळातली ही गोष्ट त्याला कुठल्याही युद्धदृश्यापेक्षा मोठी वाटते, आणि ती मोठी आहेच.

गावात 'गेम खेळतो' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रमी येते. त्यात लोकांचं काही चुकलेलं नाही. कापसाचे पैसे मोबाइलवरच्या पत्त्यांत घालवलेली पोरं प्रत्येक गावाने पाहिली आहेत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तेव्हा या खेळाडूला आनंदच झाला. त्यामुळे 'बलात्रो'बद्दल तो जपून बोलतो. कॅनडातल्या एका माणसाने, स्वतःचं खरं नाव न सांगता, फेब्रुवारी २०२४ मध्ये आणलेला हा पत्त्यांचा खेळ. पोकरमधल्या जोड्या आणि क्रम लावायचे, पण जोकर एकेक करून पोकरचे नियमच वाकवत जातात. एक रुपयाही लावायचा नसतो, जिंकायचाही नसतो. तरीही युरोपात त्याला आधी १८ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का मिळाला होता आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बदलून १२ वर्षांचा झाला. तो स्वतः हा खेळ दुकानात, पोरांसमोर उघडत नाही. खेळ निर्दोष आहे, हे त्याला पटलेलं आहे. पण पडद्यावरचे पत्ते पाहून शेजारची माउली घाबरेल, हेही त्याला ठाऊक आहे.

'सेलेस्ट' त्याला अवघड जातो आणि आवडतो. २०१८चा हा डोंगर चढायचा खेळ, सुरुवातीला दोन मित्रांनी चार दिवसांत केलेला छोटासा तुकडा होता. पडलात की क्षणात पुन्हा त्याच जागी उभे. अर्ज नामंजूर झाला तर असं लगेच पुन्हा भरता आलं असतं, तर किती बरं झालं असतं, असं तो म्हणतो. मेट्रोचे मार्ग आखायच्या 'मिनी मेट्रो'त मुंबईचा नकाशा आहे म्हणून त्याने तो घेतला आणि पुतण्याला दिला. पुतण्या त्यात त्याच्याहून तरबेज आहे.

आता त्याच्या डोक्यात एक खेळ आहे, कापसाचा. साधनांची अडचण त्याला वाटत नाही. गोडो हे खेळ तयार करायचं साधन मोफत आहे, 'बलात्रो' ज्यावर उभा आहे ते लव्हही मोफत आहे, आणि ते जुन्या लॅपटॉपवर चालतं. अडचण नियमांची आहे. झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला तो नियम लिहितो. चार एकर कोरडवाहू. बियाणं उधारीवर की रोखीने. वेचणीला बाया वेळेवर मिळतील की नाही. दिवाळीला घरात पैसा हवा म्हणून खेडा खरेदीवाल्याला पडत्या भावात द्यायचा, की हमीभावासाठी थांबायचं. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. पण कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२च्या वर गेला की माल घेतलाच जात नाही. हंगामाच्या शेवटी फरदड ठेवायची का, म्हणजे तीच पराटी पुढच्या वेचणीसाठी राखायची का, हाही प्रश्न: ठेवली तर हातात थोडे पैसे येतात, पण बोंडअळीला पुढच्या वर्षापर्यंत घर मिळतं, आपल्या शेतात आणि शेजाऱ्याच्याही. शेजाऱ्याच्या शेतातल्या अळीची किंमत खेळणाऱ्याला कशी मोजायला लावायची, हे त्याला सुचलं आहे: दुसऱ्या वर्षी शेजाऱ्याचंच शेत खेळायला द्यायचं.

ओलाव्याचं मात्र अजून ठरत नाही. गाडी भरण्याआधी खेळणाऱ्याला आकडा दिसू द्यावा, की खरेदी केंद्रावर ग्रेडरने मीटर लावल्यावरच कळावा? वडिलांचं म्हणणं आहे, शेतकऱ्याला मूठ दाबली की ओलावा कळतो, आकडा नाही कळत. म्हणून सध्या तो असं काही करता येईल का ते पाहतो आहे, की बटण जितका वेळ दाबून धरावं तितका कापूस पडद्यावर दबेल आणि सोडल्यावर किती वेळात फुलतो, त्यावरून खेळणाऱ्याने अंदाज बांधायचा.